पाय कुणाचा

त्या चाचणीच्या मैदानावर ड्रायव्हरला कुणी ड्रायव्हर म्हणत नसे. पाय म्हणत. नवी गाडी आली की पहिला प्रश्न, "पाय कुणाचा?" म्हणजे ही गाडी पळवून, दाबून, पुन्हा पळवून तिच्या ब्रेकची परीक्षा घ्यायची कुणी? गेटवरच्या एका नव्या पहारेकऱ्याने "दोन पाय आत गेलेत, तिसरा यायचाय" हे ऐकून घाबरून फोन उचलला होता म्हणतात. आतल्यांना मात्र त्यात काही वावगं वाटत नसे.

आणि कितीतरी वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. थोरलीचा.

थोरली म्हणजे दोघी बहिणींमधली मोठी. बुटकी, फटकळ, सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक उजव्यापेक्षा जरा जास्त तापलाय, हे तिला यंत्राच्या आधी तळपायाला कळायचं. वडील लांब पल्ल्याची बस चालवायचे. गाडी तिने त्यांच्याकडून उचलली आणि त्यांचा नियमही उचलला. टाकी भरल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. बाबांनी हे इतक्या वेळा बजावलं होतं की शेजारणीची स्कूटर पाच मिनिटं मागून घेतली तरी थोरली ती आधी पंपावर न्यायची.

धाकटीला मैदानावर आणलं तेही थोरलीनेच. साहेबांकडे शब्द टाकला, शेजारी बसवून शिकवलं. "दाबून धरू नकोस गं, सोड. सोड आणि पुन्हा दाब. ब्रेकलाही श्वास घेऊ दे." धाकटी शिकली. भराभर शिकली. तिथेच सगळं बिनसलं. दुसऱ्या कुणाची बहीण इतक्या लवकर शिकली असती तर थोरलीने तिचं तोंडभर कौतुक केलं असतं.

त्या वर्षी हत्तीण आली. हे नाव टायर बदलणाऱ्याने ठेवलं; जॅक लावताना त्याची कंबर धरली होती. विजेवर चालणारी, ऐसपैस, सात माणसांना पोटात घेणारी गाडी. बॅटरीच इतकी अवजड की साध्या दोन गाड्या एका पारड्यात टाकल्या तरी हत्तीणच खाली गेली असती. वर चाचणीसाठी मागच्या सीटांवर वाळूची पोती. एवढं धूड सुसाट पळवायचं, जागच्या जागी थांबवायचं, ब्रेक गार व्हायच्या आत पुन्हा पळवायचं, पुन्हा थांबवायचं. असं करत राहायचं. एक तर ब्रेक थकतात, नाही तर माणूस.

"चार्ज निम्मा पाहिजे हं सुरू करताना," साहेबांनी पहिल्याच दिवशी दोघींना सांगितलं. साहेब ब्रेक खात्याचे. बॅटरीचं खातं पलीकडच्या इमारतीत होतं आणि दोन्ही खात्यांचं जावा-जावांइतपतच जमायचं. आपलं आपण बघायचं, दुसऱ्याच्या चुलीत डोकवायचं नाही.

थोरलीने ऐकलं, निम्मा तरी पाहिजे. धाकटीने ऐकलं, निम्माच पाहिजे. दोघींनीही मान डोलावली.

थोरलीची पाळी सकाळची. बाबांच्या शिस्तीने ती हत्तीण काठोकाठ चार्ज करून घ्यायची आणि मैदानात उतरवायची. पहिले काही थांबे झकास. मग हळूहळू पेडल मऊ पडायचं, पाय आणखी खाली जायचा, गाडी आणखी पुढे जायची, डिस्कमधून करपट वास सुटायचा. "हिच्या ब्रेकांत दम नाही," थोरलीने साहेबांना सांगितलं. "ऐन वेळी दगा देतील."

दुपारी तीच गाडी, तीच पोती, तेच मैदान. धाकटीने थांब्यांमागून थांबे घेतले आणि हत्तीण शेवटपर्यंत मुकाट थांबत राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. साहेबांनी डोकं खाजवलं, पॅड बदलून पाहिले, ब्रेक ऑइल बदललं. सकाळी रडगाणं, दुपारी आनंदीआनंद. शेवटी ते अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "पायाचा फरक असतो हो. वयानं पाय जड होतो माणसाचा."

वाक्य एवढंच. पण थोरलीच्या ते असं जिव्हारी लागलं की तिने स्वतःचा चहा तसाच मोरीत ओतला.

त्यानंतर तिला धाकटीचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं खुपायचं, मैदानातून येताना केस झटकणं खुपायचं. टायरवाला तिला "या, कसं काय" म्हणायचा आणि थोरलीला नुसतं "या". हा "कसं काय" पूर्वी आपल्यालाही मिळायचा की नाही, हे आठवण्यात थोरलीची एक अख्खी दुपार गेली. माणूस जळायला लागला की त्याला असले उद्योग बरे सुचतात.

घरीही सुटका नव्हती. दोघी बाबांजवळच राहायच्या. जेवताना बाबा विचारायचे, "काय गं धाकटे, आज किती दमवलंस तिला?" धाकटी हात नाचवून सांगायची. बाबा ऐकता ऐकता टेबलाखाली जमिनीवर पाय रेटायचे, स्वतःच ब्रेक मारत असल्यासारखे, आणि म्हणायचे, "माझाच पाय घेतलाय पोरीनं."

"मग माझा कुणाचाय?" थोरलीने एकदा विचारलं.

"तुझा चांगलाय की," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

चांगलाय की! असला "की" शत्रूलाही मिळू नये. थोरली उठून भांडी घासायला बसली. एक वाटी तिने इतकी घासली, इतकी घासली की धाकटी आत येऊन म्हणाली, "ताई, भोक पडेल हं तिला." त्यावर थोरलीने ती वाटी तिच्या हातात दिली आणि झोपायला निघून गेली.

मग जाहीर झालं की हत्तीण लोकांना दाखवायची. वर्तमानपत्रवाले, विक्रीवाले, असे पाहुणे येणार. डोंगराचा रस्ता बंद करून वरून खालपर्यंत सगळा उतार गाडी पळवत आणायची, प्रत्येक वळणावर करकचून ब्रेक मारायचा आणि पुढे निघायचं. एवढ्या वजनाची गाडी एवढं सोसते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं. मैदानावर एकच प्रश्न फिरत होता. पाय कुणाचा?

"धाकटीचा," साहेब म्हणाले. "ताई, तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्याल. गाडी तयार करायचं तुमच्याकडे."

थोरलीने समजून घेतलं. म्हणजे "हो साहेब" म्हटलं आणि गाड्या धुवायच्या शेडमागे जाऊन पाण्याच्या पिंपाला लाथ मारली. पिंप भरलेलं होतं. अंगठा सुजला.

पाहुण्यांना आदल्या दिवशी मैदानावर बोलावलं होतं. साहेब त्यांना समजावून सांगत होते आणि थोरली सुजलेला अंगठा सांभाळत मागे भिंतीला टेकून उभी होती. "बघा," साहेब म्हणाले, "या गाडीचे ब्रेक दोन. एक डिस्कचा, नेहमीचा. दुसरी मोटर. पाय उचलला की मोटर उलटं काम करते, गाडीला मागे ओढते आणि तयार झालेली वीज बॅटरीत टाकते. अर्धं ओझं तीच उचलते. पण बॅटरीत जागा हवी. भरलेल्या घागरीत पाणी कुठे ओतणार? मग सगळा भार एकट्या डिस्कवर. म्हणून आम्ही चाचणी निम्म्याच चार्जवर सुरू करतो."

निम्म्याच.

थोरलीला कानशिलात बसल्यासारखं झालं. म्हणजे पाय जड नव्हता! सकाळी ती गाडी काठोकाठ भरायची आणि मोटरीची वाट बंद करायची. मग थांबे घेऊन घेऊन बॅटरी रिकामी करायची, आणि ती मोकळी झालेली जागा दुपारी धाकटीच्या कामी यायची. बहिणीची वाहवा थोरलीने रोज स्वतःच्या हाताने तयार करून ठेवली होती.

तेव्हाच पुढे होऊन हे सांगायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण सांगायचं काय? की इतकी वर्षं पाय म्हणून मिरवलेल्या बाईने विजेच्या गाडीची टाकी फुल केली? टायरवाला पोट धरून हसला असता. आणि हसण्याचं एक वेळ चाललं असतं. पाय धाकटीचाच राहिला असता, हे चालणार नव्हतं. नाही, थोरली मनाशी म्हणाली. तिच्याही पायाखालचं पेडल एकदा मऊ पडू दे. चारचौघांत पडू दे. मग बघू कोण म्हणतं पायाचा फरक.

सकाळी डोंगरावरच्या कचेरीच्या आवारात हत्तीण उभी होती. तिथेच चार्जरचा खांब होता. आदल्या दिवशी ट्रेलरवरून गाडी वर आणली तेव्हा चार्ज निम्मा होता. धाकटीनेच बघून ठेवला होता. थोरली सगळ्यांच्या आधी आली, नेहमीसारखी. काच पुसली, हवा तपासली, पोती दोरीने आवळली. मग तिने चार्जरची जाड वायर ओढून आणली आणि गाडीत खोचली.

हेच काम तिने पूर्वी रोज केलं होतं, निर्मळ मनाने. आज हात तेच होते आणि मन अजिबात निर्मळ नव्हतं. तिला ते स्वच्छ ठाऊक होतं. मधूनमधून ती वायरकडे पाठ करून उभी राहायची. उतारावर शेवटून दुसऱ्या वळणाला खडीची पट्टी आहे, ब्रेक गेलेली गाडी रुतून थांबावी म्हणूनच घातलेली जाड खडी, काही होणार नाही, असं स्वतःला सांगायची. मग पुन्हा आकडा बघायला जायची. काठोकाठ भरल्यावरच तिने वायर काढली. स्टिअरिंगजवळच्या पडद्यावरची माहिती पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांत जाऊ नये म्हणून साहेबांनी तो झाकायला सांगितला होता; थोरलीने त्यावर काळी पट्टी चिकटवली. चांगली दोनदा चिकटवली.

धाकटी आली ती हात चोळत. "झाली तयार?"

"झाली."

"मग मला बघायला नको," धाकटी म्हणाली आणि आत बसली. लगेच काच खाली करून तिने मान बाहेर काढली. "ताई, तू बस ना शेजारी. एवढी माणसं बघतायत गं. पहिल्यांदा बसली होतीस तशी बस."

आता आली का पंचाईत! नाही म्हणायला एकही कारण नव्हतं. खरं कारण होतं, पण ते सांगायची हीच शेवटची वेळ होती आणि थोरलीचं तोंड उघडेना. ती गाडीला वळसा घालून गेली आणि धाकटीशेजारी बसली. पट्टा लावला.

हत्तीण निघाली. पहिल्या वळणाआधी धाकटीने पाय उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ताई, मोटर ओढत नाहीये."

थोरलीने समोर बघितलं. "उतार आहे. असंच वाटतं."

हे वाक्य बोलून झालं आणि तिला स्वतःचीच किळस आली. पण ती गप्प राहिली, कारण धाकटीने पहिलं वळण इतकं देखणं घेतलं होतं की कठड्याशी उभ्या असलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकू आल्या नसत्या तर थोरली कदाचित बोललीही असती.

दुसरं वळण, तिसरं, चौथं. सुसाट, करकचून, पुन्हा सुसाट. मग तो वास आला. थोरलीला तो धाकटीच्या आधी आला. पुढच्या वळणाला गाडी जिथे थांबायला हवी होती तिथून चांगली पुढे गेली.

"पेडल खाली जातंय," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, पेडल खाली जातंय."

"गाडी फुल आहे," थोरली म्हणाली. शेवटी तोंडातून ते निघालं, घोगरं. "बॅटरी फुल आहे. मोटर नाही मिळणार तुला. सोड, सोड आणि दाब!"

धाकटीने मान वळवून पाहिलं नाही. तेवढा वेळच नव्हता. तिने पाय सोडला, दाबला, सोडला, दाबला. थोडा ब्रेक मिळाला. थोडाच. एवढं धूड, वर पोती, खाली उतार. पुढच्या वळणाशी कॅमेरे घेतलेली पाच-दहा माणसं हसत उभी. धाकटीने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. माणसं पळाली. वळण पार झालं, अगदी काठावरून.

आता खडीची पट्टी समोर दिसत होती आणि तिच्यापलीकडे शेवटचं वळण. त्याच क्षणी थोरलीच्या मनात आलं, आपण असतो तर खडीत घातली नसती. पाहुण्यांसमोर? ब्रेक ओरबाडत, शेवटचं वळण कसंबसं मारत खाली नेलीच असती. किंवा दरीत. धाकटीने क्षणाचाही विचार केला नाही. टाळ्यांचा केला नाही, साहेबांचा केला नाही. सरळ खडीत घातली.

मोठा आवाज झाला, काचेवर दगड तडतडले, पट्टे छातीत रुतले. हत्तीण पोटापर्यंत खडीत बसली आणि थांबली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता.

दोघींना खरचटलंसुद्धा नव्हतं.

धाकटीने पडद्यावरची काळी पट्टी ओढली. एकदा ओढली, खाली दुसरी निघाली. तीही ओढली. बॅटरीचं चित्र काठापर्यंत हिरवं होतं. बाबांचा टाकीचा नियम तिलाही पाठ होता; ताईच्या सकाळी का बिनसायच्या ते तिला आता कळलं.

मागून येणाऱ्या गाडीतून साहेब उतरले आणि खडीत घोटे बुडवत धावत आले. दोघी धडधाकट आहेत हे बघून त्यांना आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. "झालं काय? फुल? ही फुल कुणी केली?"

"आम्ही," धाकटी म्हणाली. "साहेब, ताई पहिल्यापासून सांगत होती, ब्रेक दगा देतील. ती फुल करून चालवायची. तुम्ही म्हणालात पाय जड झाला. अहो, लोक काय करतील? घरी लावून ठेवतील, फुल करतील आणि बायकापोरांना घेऊन निघतील. डोंगरावर घर असलं तर काय निम्मं चार्ज करून निघणारेत? ताईचीच चाचणी खरी होती."

साहेबांनी धूर निघणाऱ्या चाकाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग खिडकीतून वाकून थोरलीला म्हणाले, "चुकलं माझं. डिस्क मोठ्या करायला लावतो, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा. फुल चार्जवर. पाय तुमचा."

इतके दिवस ज्याच्यासाठी जीव जळत होता ते तिच्या मांडीवर येऊन पडलं होतं, आणि आणून टाकलं होतं धाकटीने. घ्यायचं फक्त. थोरलीने बहिणीकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती.

"आम्ही नाही, साहेब," थोरली म्हणाली. "मी. आधी रोज भरत होते ते न कळता. आज कळून भरली. हिला ठाऊक नव्हतं."

साहेबांना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "वर कचेरीत या," ते म्हणाले. ताई म्हणाले नाहीत. मग ते पाहुण्यांना थोपवायला मागे गेले.

गाडीत दोघीच राहिल्या. खालून गरम लोखंडाचा टिकटिक आवाज येत होता.

"मी म्हटलं मोटर ओढत नाहीये," धाकटी म्हणाली. "तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"एवढं पोटात दुखत होतं तुझ्या?"

"हो गं. एवढं."

धाकटी दार ढकलून उतरली. थोरलीलाही उतरायचं होतं. तिने दार उघडलं, डावा पाय खडीत टाकला, पण उजवा हलेचना. पोटरीत गोळा येऊन पाय सरळ ताठ झाला होता, टाच चटईत रुतलेली. तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि कळवळली.

धाकटी पुढून वळसा घालून आली आणि उघड्या दाराशी थांबली. तिने वाकून खाली पाहिलं. रबराची चटई चोळामोळा होऊन पुढे सरकली होती आणि थोरलीचा बूट तिच्यावरून पुढच्या पत्र्याला टेकलेला होता, अजूनही दाबलेला.

"पहिल्या वळणापासून बघतेय मी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "प्रत्येक वळणाला दाबत होतीस. माझ्या आधी. त्या बाजूला पेडल नसतं, ताई."

थोरली रडायला लागली.

धाकटीचे हात छातीशी घट्ट बांधलेले होते. मग ती खडीत गुडघे टेकून बसली, बहिणीचा बूट काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी पोटरी दाबायला लागली. जरा जास्तच जोरात.

"आई गं," थोरली म्हणाली.

"ओरडू नकोस. रागावलेय मी तुझ्यावर. खूप दिवस रागावलेली राहणार आहे," धाकटी म्हणाली. "सोड आता. सोड तो पाय."